रोगाच्या वाटा आणि बडोद्याची मांडवी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्राचे जे पुस्तक हाती येते, त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. आधी लेव्हेनहूकचे भिंग, मग पाश्चर आणि कॉक, मग गोल जंतू, दांडीसारखे जंतू, पिळाचे जंतू, ग्रॅमचा रंग, जंतूंची वाढ, विषाणू, बुरशी, पटकृमी आणि गोलकृमी. हात धुणे, उपकरणे उकळणे, पाणी, मैला, डास, पिसू यांची पाळी शेवटच्या पानांवर येते. या क्रमामागे इतिहासाची एक समजूत दडलेली आहे. माणसाने आधी जंतू पाहिला, मग त्याला ओळखले आणि मग रोग हटवला, अशी ती समजूत. परीक्षेपुरती ती सोयीची असेलही. पण घडलेला इतिहास तिला फारसा दुजोरा देत नाही. बडोद्याच्या जुन्या शहरात आणि त्याच्या आसपास 1875 नंतरच्या शे-सव्वाशे वर्षांत जे घडले ते नीट पाहिले, तर वेगळीच गोष्ट दिसते. रोग मागे हटले ते त्यांची वाट सापडली आणि तोडता आली तेव्हा. जंतूचे नाव कधी त्याआधी कळले होते, कधी नंतर, आणि एकदा तर नाव ठाऊक असूनही दहा-बारा वर्षे त्याचा काही उपयोग झाला नाही.

मांडवी हे या गोष्टीसाठी सोयीचे ठिकाण आहे. तटबंदीच्या जुन्या शहराच्या अगदी मध्यावर उभी असलेली ही कमानींची चौखांबी इमारत मोगल अमदानीतली; गायकवाडांच्या काळात तिची डागडुजी झाली, मजले चढले. तिच्यापासून चार रस्ते चार दिशांना फुटतात आणि चार दरवाजांना भिडतात. पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडी दरवाजा. शहरात येणारा माल, माणूस, जनावर, धान्याचे पोते आणि पाण्याची पखाल या चारांपैकी कुठल्यातरी रस्त्याने मांडवीपाशी येणार, हे ठरलेले. रस्त्यांच्या मागे पोळी, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्या, पोळींत एकमेकांना टेकलेली लाकडी घरे, घरांत आड, आडापासून हातभर अंतरावर मोरी किंवा संडास. सूरसागर तलाव, तटाबाहेरच्या वावी (पायऱ्यांच्या विहिरी) आणि हे आड यांवर शहराची तहान भागत असे. याच परिसरात पुढे सरकारी दवाखाना झाला, तो खंडेराव महाराजांच्या राणी आणि सयाजीरावांच्या दत्तक माता जमनाबाई यांच्या नावाने ओळखला जातो. त्या काळातली एक विसंगती जाता जाता नोंदवण्यासारखी आहे. 1874 च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेयर यांना सरबतात विष घातल्याचा संशय आला, तेव्हा पेल्यातला गाळ थेट मुंबईच्या रसायनपरीक्षकाकडे गेला, सोमल आणि हिऱ्याची पूड सापडल्याचे जाहीर झाले, आणि अखेर मल्हारराव महाराजांची गादी गेली. एका पेल्याची एवढी चौकशी झाली. शहरातल्या लाखभर माणसांच्या तांब्यात रोज काय जाते, हा प्रश्न मात्र तेव्हा कुणाला पडला नव्हता.

तो पुढच्या दशकात पडला. 1881 च्या अखेरीस सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि काही वर्षांतच शहराच्या पूर्वेला, पंधरा-वीस किलोमीटरवर, आजव्याला मातीचा बांध घालून तलाव करण्याचे काम सुरू झाले. 1890 च्या दशकाच्या आरंभी आजव्याचे पाणी उताराने, नळांतून शहरात येऊ लागले. आजव्याचा रस्ता आजही पाणीगेटच्या बाहेरूनच निघतो. आता या तारखा जंतुशास्त्राच्या तारखांशेजारी ठेवून पाहाव्या. पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रॉबर्ट कॉक यांनी 1883-84 मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे दाखवला. कलकत्त्यात तो त्यांना तलावाच्या पाण्यातही सापडला. तरीही हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर कनिंगहॅम पटकी पाण्यातून पसरते हे मानायला तयार नव्हते. म्हणजे धरणाचा विचार चालू होता तेव्हा देशातले सर्वोच्च आरोग्याधिकारी जंतूच्या विरुद्ध बाजूला उभे होते. नळ टाकणाऱ्यांनी या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही. घाणेरडे पाणी आणि पटकी यांची सांगड लंडनमध्ये 1854 साली जॉन स्नो यांनी घरोघरचे मृत्यू मोजून घातली होती, आणि तेवढे बडोद्याच्या अभियंत्यांना पुरेसे होते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. आजव्याचा तलाव उघडा होता, नळाचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, आणि सांडपाण्याची सोय न करता शहरात पाणी आणले तर गटारे तुंबतात, डबकी साचतात, डास वाढतात. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. त्या काळी अनेक शहरांनी नळ आधी आणि गटारे पुष्कळ नंतर, असाच उलटा क्रम लावला. पण आक्षेप घेणाऱ्याने शेकडो आडांची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. प्रत्येक आडात रोज किती दोर, किती घागरी, किती हात जात, आणि पावसाळ्यात शेजारच्या शोषखड्ड्यातून किती पाझरत असे! प्रत्येक आड ही रोगाची स्वतंत्र वाट होती आणि तिच्यावर पहारा ठेवणे अशक्य होते. आजव्याने त्या शेकडो वाटांऐवजी एकच वाट ठेवली. ती एक निर्दोष नव्हती, पण ती राखता येण्याजोगी होती. पुढे आजव्याजवळच्या निमेट्याला पाणी गाळण्याची, शुद्ध करण्याची सोय करता आली ती पाणी एका ठिकाणाहून येत होते म्हणूनच. घरोघरच्या आडांना असला उपाय कधीच करता आला नसता.

पण एक वाट तोडली म्हणून दुसरी बंद होत नाही, आणि याचा पुरावा बडोद्याच्या खानेसुमारीतच आहे. 1891 साली शहराची लोकसंख्या 1,16,420 होती. नळ आल्यानंतर ती वाढायला हवी होती. ती 1901 मध्ये 1,03,790 वर, 1911 मध्ये 99,345 वर आणि 1921 मध्ये 94,712 वर उतरली. वर चढली ती 1931 मध्येच, 1,12,860 पर्यंत. चाळीस वर्षांपूर्वीचा आकडा तेव्हाही गाठला गेला नव्हता. या घसरणीत छप्पन्नचा दुष्काळ आहे, 1918 चा इन्फ्लुएंझा आहे, भीतीने शहर सोडून गेलेली माणसे आहेत. पण वर्षानुवर्षे परतून येणारा पाहुणा होता तो प्लेग. आजव्याच्या पाण्याचा त्याच्यावर काहीच परिणाम होणार नव्हता, कारण तो पाण्याने येत नव्हता. मुंबईत प्लेगचा पहिला रुग्ण गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी 1896 च्या सप्टेंबरात ओळखला, तोही मांडवीतच. मुंबईच्या मांडवीत, गोदीजवळच्या धान्याच्या कोठारांच्या वस्तीत. दोन्ही मांडव्या मालाच्या येण्याजाण्याच्या जागा, आणि धान्याचे पोते जिथे थांबते तिथे उंदीरही थांबतो. हे आज एका ओळीत लिहिता येते. त्या वेळी ते कुणालाच ठाऊक नव्हते.

जंतू मात्र ठाऊक होता. अलेक्झांडर येर्सिन यांनी तो 1894 च्या जूनमध्ये हाँगकाँगला दाखवला होता, म्हणजे मुंबईत साथ येण्यापूर्वी दोन वर्षे. पुस्तकातला क्रम खरा असता तर मुंबई, पुणे आणि बडोद्यातली साथ लवकर आटोक्यात यायला हवी होती. प्रत्यक्षात सरकारने काय केले? घरे फोडून झडत्या घेतल्या, माणसांना ओढून इस्पितळात नेले, कपडे जाळले, भिंती चुन्याने रंगवल्या, गटारांत कार्बोलिक ओतले, स्टेशनावर प्रवाशांच्या काखा तपासल्या. पुण्यात या सगळ्याचा शेवट 22 जून 1897 च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावरच्या प्राणघातक गोळीबारात झाला. जंतू घाणीत, भिंतीत, कपड्यात, रुग्णाच्या श्वासात असणार असे धरून ही सारी मोहीम चालली होती. गाठीच्या प्लेगची खरी वाट यांपैकी कुठलीच नव्हती. बडोद्याच्या कलाभवनाचे जनक त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञानेही मुंबईच्या साथीत आयोडिन टरक्लोराइडचे औषध पुढे केले. प्रयत्न प्रामाणिक होता, रोखही जंतूवरच होता. पण साथ तशीच चालत राहिली. याउलट गावोगावच्या साध्या माणसांनी एक गोष्ट हेरली होती. घरात उंदीर पडू लागले की चार दिवसांत माणूस पडतो. म्हणून उंदीर पडले की घर सोडायचे आणि माळावर झोपडी बांधून राहायचे. जंतूचे नाव न ऐकलेल्या या माणसांनी रोगाची वाट अर्धीअधिक बरोबर ओळखली होती, आणि पुढे खुद्द सरकारी अधिकाऱ्यांनाही गाव मोकळे करणे हाच उपाय त्यातल्या त्यात खात्रीचा वाटू लागला.

उरलेली अर्धी वाट पिसवेची. पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 च्या जूनमध्ये कराचीत उंदरावरची पिसू हा दुवा दाखवला, आणि बरीच वर्षे त्यांची थट्टा झाली. मुंबईत लिस्टन आणि त्यांच्या पाठोपाठ 1905 पासून काम करणारे प्लेग कमिशन यांनी ते निर्विवाद केले. त्यांची रीत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. प्लेगचे उंदीर मेलेल्या जागी गिनीपिग जमिनीलगत ठेवले तर त्यांना प्लेग होई. तेच पिंजरे दोन फूट उंच टांगले, तर होत नसे. हवा तीच, खोली तीच, जंतू तोच. फरक एवढाच की पिसू इतक्या उंच उडी मारू शकत नाही. या प्रयोगात सूक्ष्मदर्शकाचे काम दुय्यम आहे. निर्णय दिला तो दोन फूट अंतराने. याच शोधातून हेही कळले की प्लेगच्या इस्पितळांत सेवा करणाऱ्यांना गाठीचा प्लेग इतका कमी का होत असे: इस्पितळात रुग्ण होते, पण उंदीर नव्हते. फुफ्फुसाचा प्लेग हा अपवाद. तो मात्र खोकल्यातून थेट माणसाला गाठतो. सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्या वेळी शुश्रूषा करणाऱ्या कुणालाही आपण नेमके कशापासून जपायचे हे सांगू शकेल असा माणूस जगात नव्हता, जंतूचा शोध लागून तीन वर्षे होत आली असूनसुद्धा.

आता उंडेरा. बडोद्यापासून सहा मैलांवरचे, शहराच्या पश्चिम-वायव्येचे हे गाव तेव्हा हजारभर वस्तीचे होते. आज ते शहराच्या विस्तारात मिसळून गेले आहे. 1898 च्या आरंभी तिथे प्लेग शिरला होता आणि माणसे मरत होती. वाल्डेमार हाफकिन यांनी त्याआधी वर्षभर मुंबईत प्लेगची लस तयार केली होती. 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःला टोचून घेतली होती आणि भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली तेव्हा कैद्यांना टोचली होती. लस टोचलेल्यांत मृत्यू कमी दिसले. पण टीकाकारांचा प्रश्न रास्त होता. टोचून घ्यायला जे आपणहून पुढे येतात ते मुळातच जास्त सावध, जास्त धडधाकट नसतील कशावरून? उंडेऱ्यात 12 फेब्रुवारी 1898 रोजी हाफकिन यांनी या प्रश्नाला उत्तर देण्याची तजवीज केली. गावाची विभागणी त्यांनी आळीनुसार केली नाही, जातीनुसार केली नाही, इच्छेनुसारही केली नाही. प्रत्येक घरातली माणसे, बायका, मुले शक्य तितकी सारखी वाटून निम्म्यांना टोचले आणि निम्म्यांना तसेच ठेवले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे खाणारी, त्याच उंदरांच्या सहवासातली माणसे. नंतर हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी घरोघर जाऊन हिशेब मांडला. टोचणीनंतर प्लेग शिरलेली घरे 28. त्यांत न टोचलेली माणसे 64; त्यांपैकी 27 जणांना प्लेग झाला, 26 मेले. टोचलेली माणसे 71. त्यांपैकी 8 जणांना झाला, 3 मेले.

हे आकडे दोनदा वाचावेत. सत्तावीसपैकी सव्वीस. लस टोचलेल्यांत मृत्यूचे प्रमाण न टोचलेल्यांच्या जवळजवळ एक दशांश झाले होते, आणि घराची स्वच्छता, सुबत्ता, जात, धर्म यांपैकी कशाचेही श्रेय या फरकाला देता येत नव्हते, कारण दोन्ही बाजू त्याच घरात होत्या. आजच्या कसोट्या लावल्या तर या प्रयोगात उणिवा आहेत. वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. कोणाला टोचले आहे हे रुग्णालाही ठाऊक होते आणि मोजणाऱ्यालाही. आकडे लहान होते. मोजणारा लसीचा जनकच होता, ही उणीव सर्वांत मोठी. 1915 साली संख्याशास्त्रज्ञ ग्रीनवुड आणि यूल यांनी अशा तुलनांच्या अटी काटेकोर मांडल्या, त्या अटींत उंडेरा पूर्णपणे बसत नाही. तरी 26 आणि 3 यांतली दरी पाहणाऱ्याच्या पक्षपातातून निर्माण होण्याइतकी अरुंद नाही. मृत्यू मोजताना नजरचूक फारशी होत नाही. नैतिक आक्षेप अधिक जड आहे. ज्या अर्ध्या गावाला मुद्दाम वगळले त्यांची संमती कुणी विचारली, आणि संस्थानच्या अधिकाऱ्यांसमोर गरीब शेतकऱ्याची संमती म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्या अहवालांत नाही. लस खरोखर वाचवते की नाही हे तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून कुणाचाही हक्क हिरावला गेला नाही, असा बचाव करता येतो. तो अपुरा आहे. पण ती सव्वीस माणसे लशीने मेली नाहीत, लस न मिळाल्याने मेली, आणि त्यांच्या मृत्यूमुळेच पुढच्यांना ती मिळू शकली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांपैकी एक झाकून दुसरी शिकवू नये.

इथे माझ्या मूळ म्हणण्यावरच कुणी बोट ठेवील. लस तर जंतूपासूनच झाली. मांसाच्या रसात, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवून हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढवले, तुपाखालून ते झुंबरासारखे लोंबत खाली वाढत, मग ते उष्णतेने मारून लस केली. जंतू हाती आला नसता तर उंडेरा घडलेच नसते. हे मान्य. पण प्रयोगशाळेतल्या बाटलीला हे ठाऊक नव्हते की ती माणसाला वाचवील. ते ठरले उंडेऱ्याच्या 28 घरांत, माणसे मोजून. उलट बाजूही पाहावी. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी हीच लस एका बाटलीतून टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिन यांच्यावर ठपका आला, नोकरी गेली. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला, हे साक्षीत असूनही ठपका पुसायला 1907 उजाडावे लागले. धनुर्वाताचा जंतू कितासातो यांनी 1889 मध्येच वेगळा केला होता. तेरा वर्षे ठाऊक असलेला जंतू एका चिमट्याच्या वाटेने एकोणीस माणसांच्या अंगात गेला. वॉर्डात इंजेक्शनचा ट्रे हाताळणाऱ्या मुलीला जंतुशास्त्राचा एकच धडा द्यायचा ठरला, तर मी धनुर्वाताच्या जंतूचे चित्र बाजूला ठेवून हा चिमटा दाखवीन.

परजीवींच्या प्रकरणात तर हे आणखी ठळक होते. नारूचे उदाहरण घ्या. गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र या भागांत शतकानुशतके माणसांच्या पायांतून हातभर लांबीचा पांढरा दोऱ्यासारखा जंत बाहेर पडे, आणि काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढून तो काढावा लागे. मध्येच तुटला तर पाय सडे. वावी आणि बारवा ही या रोगाची घरे होती. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव आज शिल्प म्हणून पाहिली जाते, आणि ती पाहण्याजोगीच आहे. पण पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवण्याची सोय हीच नारूची सोय होती. फोड आलेला पाय पाण्यात गेला की फोड फुटतो, लाखो अळ्या पाण्यात पडतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारा सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला किडा त्या गिळतो, ते पाणी दुसरा पितो, आणि वर्षभराने त्याच्या पायातून नवा जंत निघतो. फेद्चेंको यांनी 1870 च्या सुमारास सायक्लॉप्सचा दुवा दाखवला. मुंबईच्या जीवाणुशास्त्र प्रयोगशाळेत लिस्टन आणि डॉ. तर्खड यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या विहिरींवर काम केले. नारूवर औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही. असे असूनही 1983-84 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने तो देशातून घालवला. शेवटचा रुग्ण 1996 च्या जुलैत राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. हे केले कशाने? पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बांधून काढून हातपंप बसवले, पाणी दुहेरी कापडातून गाळायला लावले, विहिरीत सायक्लॉप्स मारणारे औषध टाकले, फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू दिले नाही. सगळे उपाय वाटेवरचे. कुणी म्हणेल, गुजरातेत पाणी गाळून पिण्याची चाल तर फार जुनी, मग नारू टिकला कसा? टिकला, कारण घरचे पाणी गाळले जाई, शेतावर आणि वाटेत ओंजळीने प्यालेले नाही. चाल होती, पण तिचे कारण माहीत नसल्याने जिथे ती सर्वांत गरजेची होती तिथेच ती सुटत असे.

आणि याच ठिकाणी मला माझे म्हणणे थोडे आवरते घ्यावे लागते, कारण जंतूची ओळख बिनमहत्त्वाची आहे असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाणीउपशात नजफगडच्या नाल्याचे मैलापाणी उलटे शिरले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरिन भरपूर घातले होते, आणि त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही. कावीळ मात्र झाली, कारण तो विषाणू त्या क्लोरिनला दाद देणारा नव्हता. वाट लगेच सापडली. विषाणू हाती लागायला 1983 उजाडले, मॉस्कोच्या बालायान यांनी दूषित नमुना स्वतः पिऊन तो शोधला. आता या घटनेतून दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो. वाट आधी कळली, हे माझ्या बाजूचे. पण क्लोरिनने एक शत्रू मारला आणि दुसरा सुटला, हे फक्त जंतूंचे गुणधर्म ओळखणाराच सांगू शकतो. तसेच धनुर्वाताचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, वाफेच्या दाबाखाली मरतात. क्षयाचा जंतू कफात सुकून राहतो. ही माहिती नसेल तर वाट अडवणारा चुकीच्या जागी कुंपण घालील. दुर्गंधी हीच रोगाची वाट असे मानणारेही वाटेचाच विचार करत होते आणि चुकत होते. म्हणून वाटेच्या कल्पनेची पारख मोजणीने व्हावी लागते, गिनीपिगच्या दोन पिंजऱ्यांसारखी किंवा उंडेऱ्याच्या दोन अर्ध्यांसारखी. आणि वाट अडवायची कशाने हे जंतूच्या स्वभावावरून ठरावे लागते. क्रम एवढाच असावा, असे माझे म्हणणे आहे.

शेजारचे सुरत याचे अलीकडचे उदाहरण आहे. 1994 च्या सप्टेंबरात तिथे प्लेग झाल्याची बातमी पसरली, लाखो माणसे शहर सोडून पळाली, देशभर टेट्रासायक्लिन दुकानांतून संपले, आणि तो खरोखर प्लेगच होता का यावर पुढे बराच काळ वाद रंगला. जंतूची ओळख पटवणारी चाचणी वादात असताना शहराचे काम थांबले नाही. 1995 मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि उपाहारगृहांची तपासणी हातात घेतली, आणि पुराच्या गाळात मेलेल्या जनावरांसह सडलेले ते शहर दोनेक वर्षांत स्वच्छतेसाठी नावाजले गेले. यालाही आक्षेप आहे: जंतू नक्की न करता केलेली स्वच्छता आंधळी असते. काही अंशी असते. पण ज्या शहरात उंदीर, माशी आणि मैला या तीन वाटा एकाच उकिरड्यावर एकत्र येतात, तिथे उकिरडा उचलायला चाचणीच्या निकालाची गरज नसते.

महाराष्ट्रात आणि गुजरातेत नर्सिंगला येणाऱ्या अनेक मुली लहान गावांतून, मातृभाषेतल्या शाळांतून येतात, आणि त्यांच्यापुढे जंतूंच्या लॅटिन नावांची यादी पहिल्याच आठवड्यात पडते. ती पाठ होते, परीक्षेनंतर विसरली जाते, आणि वॉर्डात जो चिमटा खाली पडतो तो पुसून पुन्हा वापरला जाण्याचा धोका तसाच राहतो. अभ्यासक्रमातला एकही धडा गाळण्याची गरज नाही. फक्त पहिले प्रकरण उंडेऱ्याचे असावे: 28 घरे, 64 आणि 71 माणसे, 26 आणि 3 मृत्यू. दुसरे मुंबईच्या टांगलेल्या पिंजऱ्यांचे, तिसरे मुलकोवालच्या चिमट्याचे, चौथे नारूच्या वावीचे. ती चार प्रकरणे झाल्यावर सूक्ष्मदर्शक समोर ठेवावा आणि मग नावे सांगावीत. उंडेऱ्याचा तक्ता पाठ्यपुस्तकाच्या अर्ध्या पानात मावतो. मराठी आणि गुजराती पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत तो छापावा.